एफडी मोडू नका, बाबा

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, एफडी मोडून गुगलचे शेअर घ्यायचं तुमच्या मनात आहे, असं आई म्हणाली. कोर्टाने गुगलला सोडलं, आता धोका टळला, असा तुमचा हिशेब. फोनवर हा विषय भरकटतो, म्हणून सविस्तर लिहिते.

मुळात सोडलेलं नाही. गुगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदा टिकवली, असं न्यायाधीश अमित मेहतांनी ऑगस्ट २०२४ मध्येच स्पष्ट म्हटलंय. सप्टेंबर २०२५ च्या निकालात क्रोम हा ब्राउझर विकायला लावला नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी शेअर नऊएक टक्के वाढला. जाहिरात तंत्रज्ञानाचा खटला वेगळाच, आणि तोही एप्रिल २०२५ मध्ये त्यांच्या विरोधात गेला.

पण मला खरी काळजी शेअरच्या किमतीची आहे. इथे सिएटलला जुनी माणसं मायक्रोसॉफ्टवरच्या अशाच मक्तेदारीच्या खटल्याचं अजून सांगतात. सरकारशी तडजोडीची बोलणी फिसकटली आणि ३ एप्रिल २००० ला शेअर एका दिवसात १४ टक्क्यांहून जास्त पडला. जूनमध्ये न्यायाधीश जॅक्सन यांनी कंपनीचे दोन तुकडे करायचा हुकूम दिला. वर्षभराने अपील कोर्टाने तो रद्द केला. धंदा तर वाढतच होता. २००० मधली २३ अब्ज डॉलरची उलाढाल २०१० मध्ये ६२ अब्जांवर गेली. तरीसुद्धा डिसेंबर १९९९ मध्ये ज्याने १२० डॉलरच्या आसपास शेअर घेतला, त्याला तो भाव (मधे एका शेअरचे दोन झाले ते धरून) पुन्हा बघायला २०१६ साल उजाडलं. कारण घेतानाच त्याने एका शेअरमागच्या वर्षाच्या नफ्याच्या सत्तर पटींहून जास्त मोजले होते. उलट २००० च्या अखेरीला, तुकड्यांचा हुकूम डोक्यावर असताना ज्याने ४३ डॉलरला घेतला, त्याला पुढच्याच उन्हाळ्यात सत्तर डॉलरचा भाव दिसला. लोक घाबरलेले असताना घेणाऱ्याचं भलं झालं. आत्ता लोक खुशीत आहेत, बाबा.

माझ्या पैशाला सोळा-सतरा वर्षं थांबता येईल. तुमची एफडी आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आणि अडीअडचणीला ठेवलेली आहे.

अजून एक, लिहायला नको वाटतं तरी लिहिते. भारतात राहणाऱ्याच्या नावावर ६०,००० डॉलरपेक्षा जास्त अमेरिकी शेअर असले आणि त्याचं बरंवाईट झालं, तर इथलं सरकार त्यावर ४० टक्क्यांपर्यंत इस्टेट टॅक्स लावतं. आईला त्या कागदपत्रांमागे धावावं लागलेलं मला चालणार नाही.

तुमचा अभ्यास मला माहीत आहे, तुम्ही ताळेबंद माझ्याहून बारकाईने वाचता. हौस असेल तर एफडीच्या व्याजातून दर वर्षी थोडे थोडे घ्या. खातं उघडताना वारस म्हणून आईचं नाव आधी लावा आणि फॉर्म मला पाठवा, मी एकदा बघते.

तुमची,
मीनल