ब्युसी नावाची माणसं

प्रिय दत्ता,

स. न. वि. वि.

माझ्या गावाचं नाव बुसीवरून पडलं का, हा तुझा प्रश्न वाचून हसूच आलं. मी ब्युसी-सँ-जॉर्जला राहतो, पण निजामाकडच्या त्या फ्रेंच सेनापती बुसीचा (फ्रेंचमध्ये ब्युसीच) या गावाशी संबंध नाही रे! पॅरिसच्या पूर्वेला लोकलच्या वाटेवर वसवलेलं हे नवं शहर, आमच्यासारख्या नोकरदारांचं. ब्युसी नावाची गावं फ्रान्समध्ये पुष्कळ. आणि गंमत म्हणजे ब्युसी म्हणून गाजलेल्यांची घराणी वेगवेगळीच. ज्याच्याकडे ब्युसी नावाची जहागीर, त्याला ते नाव.

ब्युसी द'आंब्वाज घे. हा मूळचा क्लेरमाँ. १५७२ साली पॅरिसात प्रोटेस्टंटांची कत्तल चालू असताना, ज्या भाऊबंदाशी इस्टेटीचा दावा होता त्यालाच याने कापून काढलं. भाऊबंदकी सगळीकडे सारखीच! १५७९ मध्ये एका सरदाराच्या बायकोपायी स्वतःही मारला गेला.

मला आवडला तो राब्युतिन, ब्युसीचा काउंट. दरबारातल्या बायकांची लफडी लिहिली म्हणून १६६५ मध्ये बास्तीच्या तुरुंगात गेला, नंतर बर्गंडीतल्या स्वतःच्या गढीवर हद्दपार. तिथे बसून त्याने भिंती रंगवून घेतल्या. त्याला संकटात सोडून गेलेल्या प्रेयसीला तराजूत बसवलंय, आणि शेजारी लॅटिनमध्ये शेरा: वाऱ्याहून हलकी. मी बराच वेळ त्या चित्रापुढे उभा होतो. इतका खुन्नस, तोही इतक्या नजाकतीने! नेपोलियनचा सेनापती ज्युनो १७७१ साली या गढीच्याच खेड्यात जन्मला. पण ब्युसीची जहागीर त्याची नव्हती, म्हणून तो ज्युनोच राहिला.

आता आपला बुसी. हा पातिसिये घराण्यातला. १७५१ च्या नोव्हेंबरात, ग्रहणाच्या रात्री नानासाहेब पेशवे पूजेत असताना तुमच्या कुकडीकाठी छापा घातला तो यानेच. शाळेत आपण त्याला शत्रू म्हणूनच पाठ केलं. पण त्याच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदीच पुढे भाऊसाहेबांकडे आला आणि पानिपतावर शेवटपर्यंत लढला. म्हणजे तिथल्या आपल्या तोफांमागे तालीम बुसीचीच! म्हातारपणी तो पुन्हा हिंदुस्थानात आला आणि १७८५ मध्ये पाँडिचेरीत वारला.

कुकडीकाठच्या निघोजला जाशील तेव्हा जुन्या माणसांकडे त्या छाप्याची काही आठवण टिकलीय का, एवढं विचार आणि सविस्तर लिही. काकूंना नमस्कार.

तुझा,
अविनाश