आईची मजुरी कुठल्या पानावर लिहायची?

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही चिडलात. "340 चा मसाला 380 ला? भाव काहून वाढवला? इतवारीतलं गिऱ्हाईक तुटेल नं." आकडे बोलण्यात निसटतात, म्हणून लिहून पाठवते.

कळमना बाजारातली मिरची, धणे आणि खडा मसाला मिळून किलोमागे 250. पाकीट-लेबल 12, बायकांची मजुरी 20, दळायची वीज 8. हे 290 रुपये तुमच्या वहीत पै न् पै लिहिलेले आहेत. 340 ला विकलं की 50 उरतात. महिन्याला सरासरी 400 किलो, म्हणजे 20,000. इथपर्यंत तुमचा हिशेब चोख आहे.

पण काही खर्च कुठल्याच एका किलोच्या नावावर टाकता येत नाहीत. चक्की महिनाभर बंद ठेवली तरी महावितरणच्या बिलात स्थिर आकार येतोच. विमा, फोन, हिशेबनिसाचे पैसे, देखभाल, मालाचा ऑटो धरून 11,000 जातात. चक्की 1,20,000 ची. दहा वर्षं चालेल असं धरलं तर महिन्याला 1,000 चा घसारा. असल्या वरखर्चालाच ओव्हरहेड म्हणतात. तो काढला की 8,000 राहतात, आणि त्यालाच आपण नफा म्हणत आलो.

आता खोली बघा. आपली आहे म्हणून भाडं धरलं नाही, पण ती कोणाला दिली तर 8,000 सहज येतील. तिथेच नफा संपला.

आणि आई? आई, सकाळी मिरच्या उन्हात घालण्यापासून रात्री पाकिटं मोजण्यापर्यंत सगळं तू बघत आलीस. त्या कामाला बाहेरची बाई ठेवली तर 10,000 तरी द्यावे लागतील. इतकी वर्षं आपला मसाला स्वस्त राहिला तो तुझ्या फुकटच्या राबण्यावर, आणि हे मला सहन होत नाही. न दिलेलं भाडं, न दिलेली मजुरी हिशेबाच्या पुस्तकात चढत नाही हे खरं. भाव ठरवताना मात्र ती धरायलाच हवी. धरली, तर वरखर्च 30,000 होतो. 400 किलोंवर वाटला की किलोमागे 75. म्हणजे मसाला आपल्याला 365 ला पडतो आणि आपण तो 340 ला देतो. 380 ला दिला, तरच किलोमागे 15 उरतात.

तुम्ही विचाराल, पावसाळ्यात 250 किलोच खपतो, मग काय? तेव्हा तोच 30,000 वाटला तर किलोमागे 120 येतात. म्हणून भाव आणखी चढवला तर उरलेली गिऱ्हाइकंही जातील. साठ्याचं मूल्य ठरवताना उत्पादनाचा स्थिर वरखर्च नेहमीच्या क्षमतेवर वाटावा, मंदीत न वाटला गेलेला भाग त्या काळाचा खर्च मानावा, असं आपल्या देशाचं लेखा मानक 2, म्हणजे हिशेब ठेवण्याचा ठरलेला नियम, सांगतं. भावालाही मी तोच न्याय लावते, वरखर्च बारा महिने 400 किलोंवरच वाटते. पावसाळ्याचा तोटा पावसाळ्याच्या खाती, मसाल्याच्या माथी नाही.

याच हिशेबाने तुम्ही नाकारलेली खानावळीची ऑर्डर मी घेतली आहे. 310 चा भाव ऐकून तुम्हाला राग येईल. पण आषाढात चक्की बराच वेळ रिकामी असते, वरखर्च तर होणारच आहे. 290 च्या वर किलोमागे 20 मिळाले की 50 किलोंत 1,000 रुपये त्या वरखर्चाच्या कामी येतात. मात्र हा भाव पावसाळ्यापुरताच. बारा महिने 310 ला दिलं तर खोली आणि आई दोन्ही पुन्हा फुकट.

नवा भाव पहिल्या तारखेपासून. जुन्या गिऱ्हाइकांना मी स्वतः सांगते आहे. जे जातील ते जातील, त्याची मला धास्ती आहेच. आई, अकोल्याहून येताना तुझं पासबुक घेऊन ये. तुझे 10,000 त्यात दर महिन्याला जमा होतील, आणि बाबा, वहीत त्याचं पान तुमच्याच हातचं हवं.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुमची लेक