बाबांच्या नावावरची गाडी

न्योन त्राच, डोंग नाय, व्हिएतनाम
रविवार, 16 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप बाबांस आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर प्रवीण "हो दादा, पाहतो" म्हणतो आणि विषय निघून जातो. म्हणून लिहून पाठवतो आहे. प्रवीण, तालुक्याला गेला की याची प्रिंट काढ आणि बाबांना बसून वाचून दाखव. मधलं काही गाळू नको.

बाबा, मागच्या रविवारी तुम्ही बोलता बोलता म्हणाले की मोबाईलवर चलानाचा मेसेज आला, हेल्मेट नाही म्हणून, आणि कोणी फसवून राहिलं समजून तुम्ही तो सोडून दिला. शंका घेतली ते बरंच केलं. असे खोटे मेसेज लय फिरतात, लिंक दाबली की खातं रिकामं. पण प्रवीणनं त्याचा फोटो पाठवला तर त्यात नंबर आपल्याच गाडीचा निघाला. एमएच-29 ची आपली स्प्लेंडर, पोळ्याच्या आधी विकलेली. मी तो नंबर सरकारी साईटवर स्वतः टाकून पाहिला. चलान खरं आहे, आणि गाडी आजही तुमच्याच नावावर आहे.

ती गाडी विकताना मीच फोनवर बोललो होतो, "गिऱ्हाईक आलं आहे तर देऊन टाका, कागदाचं नंतर पाहू." हे मी बोललो, प्रवीण नाही. म्हणून बोलणी खायची ती मी खाईन. पण त्यानंतर महिन्याभरात इथं माझ्यासोबत जे झालं ते मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. गाडीवरून पडलो, थोडं खरचटलं, एवढंच बोललो. आता पूर्ण सांगतो.

इथं आल्यावर दोन महिन्यांत मी एक जुनी होंडा वेव्ह घेतली. मी कामाला आहे ती कापसाची मिल गावापासून दूर आहे आणि पाळी सुटल्यावर जायला-यायला गाडीशिवाय गत नाही. इथल्या भागात तर कोणत्याही मोटारसायकलीला लोक 'होंडा'च म्हणतात, आपल्याकडे म्हातारी माणसं फटफटी म्हणतात तसं. आमच्याच मिलमधला एक भारतीय माणूस काम सोडून गावी चालला होता, त्याच्याकडून घेतली. 80 लाख डोंग. ऐकायला केवढं वाटतं, पण आपले सत्तावीस हजार होतात. त्यानं चावी दिली आणि एक निळं कार्ड दिलं. हे कार्ड म्हणजे इथली आरसी. त्यावर गाडीचा नंबर, इंजिन नंबर, चेसिस नंबर आणि मालकाचं नाव असतं. नाव त्याचं नव्हतं. कोणा बाईचं होतं, दूरच्या बेन त्रे प्रांताकडची. मी विचारलं तर म्हणाला, "इथं सगळे असंच घेतात, पोलीस फक्त कार्ड पाहतात." त्यानं तिसऱ्याकडून घेतली होती, तिसऱ्यानं दुसऱ्याकडून. कार्ड हातोहात फिरत राहिलं, नाव तिथंच राहिलं.

आणि तो खोटं बोलला नव्हता. इथं रस्त्यात अडवलं तरी गाडी तुमच्या नावावर का नाही म्हणून दंड करत नाहीत. ते पाहतात फक्त दोन वेळा: गाडीची नोंदणी करायला गेलात तर, नाहीतर अपघात झाला तर. त्यामुळं माणूस वर्षभर बिनधास्त फिरतो. मी चौदा महिने फिरलो. एक लायसन तेवढं मी कंपनीच्या मागे लागून इथलं करून घेतलं होतं. आपल्याकडून काढून आणलेला आंतरराष्ट्रीय परवाना 1949 च्या जिनिव्हा कराराचा असतो आणि इथं 1968 च्या व्हिएन्ना कराराचा चालतो, हे आल्यावर कळलं. तो विकणारा मात्र त्याच परवान्यावर दोन वर्षं फिरला.

सप्टेंबरात, पहिली पाळी सुटल्यावर, पाऊस नुकताच थांबला होता. इथं गाड्या उजव्या बाजूनं चालतात. चौदा महिने झाले तरी वळताना माझी मान आधी आपल्या सवयीच्या बाजूला जाते. मी तसाच वळलो आणि एका म्हातारीच्या सायकलला धडकलो. चूक माझीच होती. ती लॉटरीची तिकिटं विकणारी होती, आईपेक्षा मोठीच असेल. मी उठून तिला धरायला गेलो तर ती मला बाजूला सारून चिखलातली तिकिटं गोळा करू लागली. डावा हात नुसता लोंबत होता आणि उजव्या हातानं एकेक तिकीट उचलून ती पोलक्यावर पुसत होती. मला तेव्हा कळलं नाही. नंतर कोणी सांगितलं की इथली सोडत रोज सव्वाचारला निघते. तेव्हा साडेतीन वाजले होते. भिजलेलं तिकीट कोणी घेत नाही आणि सव्वाचारनंतर कोरडं तिकीटही कागदच. एका तिकिटाला दहा हजार डोंग, आपले तेहतीस रुपये. मी ती सगळी विकत घेतली. आजही माझ्या पेटीत आहेत.

तिचं मनगट मोडलं होतं. पोलीस आले, गाडी घेऊन गेले. आणि मग सुरू झाली ती त्या कार्डाची भानगड.

पहिली गोष्ट, विमा नव्हता. इथं मोटारसायकलचा सक्तीचा विमा वर्षाला 66 हजार डोंगाला भेटतो, म्हणजे सव्वादोनशे रुपयांच्या आत-बाहेर. पेट्रोल पंपावरसुद्धा मिळतो. तो असता तर जखमी माणसामागे 15 कोटी डोंगांपर्यंत, आपले पाच लाख, कंपनीनं पाहिले असते. मागच्या माणसाचा संपला होता आणि गाडी नावावर नाही तर विमा काय करायचा म्हणून मी काढलाच नाही. दवाखान्याचा आणि म्हातारीच्या दोन महिन्यांच्या कमाईचा खर्च मी खिशातून दिला. ते पैसे गेले त्याचं दुःख नाही, ते द्यायचेच होते. दिवाळीला घरी कमी पैसे का आले ते मात्र आता तुम्हाला कळेल.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी कार्डावरच्या बाईला बोलावलं. बेन त्रे म्हणजे नारळाचा मुलूख, इथून बसा बदलत यायचं. 1 जुलैपासून इथल्या सरकारनं 63 प्रांतांचे 34 केले आणि बेन त्रे आता विन लाँग प्रांतात गेलं, म्हणून तिचा पत्ता काढायलाच वेळ लागला. ती आली. फुलाफुलांचा पायजमा-सदरा, पायात प्लॅस्टिकच्या चपला, हातात कागदांची पिशवी. त्या पिशवीत तिनं घरातले होते नव्हते तेवढे कागद आणले होते, लाईटबिलंसुद्धा. आमच्या मिलमधल्या क्लार्क बाईला इंग्रजी येतं, ती सोबत होती. तिनं मला सांगितलं की ही विचारते आहे, "मी गाडी चार वर्षांपूर्वी विकली, नवरा वारला तेव्हा. माझ्या हातून काय गुन्हा झाला?"

बाबा, मी मान वर केली नाही. ती विचारत होती तिकडं आणि मला आपल्या ओट्यावर आई दिसत होती, कागदांची पेटी उघडून बसलेली.

इथं 'चिन् चू' असा शब्द आहे, खरा मालक या अर्थाचा. 15 ऑगस्ट 2023 पासून गाडीचा नंबर मालकाच्या ओळखपत्राला जोडला आहे. गाडी विकली तर नंबरप्लेट आणि कार्ड मालकानं परत जमा करायचं, नवीन माणसाला त्याचा नवीन नंबर. तिनं विकली तेव्हा हा नियम नव्हता, आणि नंतर तिला कोणी सांगितलं नाही. त्यामुळं तो नंबर तिच्या नावाला चिकटून राहिला आणि माझ्या धडकेपर्यंत येऊन पोचला.

तिला जबाब देऊन जाऊ दिलं, दंड मी भरला. मग मी तिला विनंती केली की पुन्हा एकदा या. भाडं आणि दिवसाची मजुरी दिली. आम्ही नोटरीकडं जाऊन रीतसर करारनामा केला, तिनं नंबर आणि कार्ड जमा केलं आणि गाडी माझ्या राहण्याच्या परवान्यावर माझ्या नावानं झाली. दुसऱ्यांदा आली तेव्हा तिनं नारळाच्या गोळ्यांचा पुडा आणला होता. त्यातला अर्धा तुमच्यासाठी ठेवला आहे, येताना आणतो.

मधल्या काळात मिलमध्ये नवीन आलेला एक पोट्टा, बिहारकडचा, मागे लागला होता. "भैया, जैसी है वैसी दे दो, साठ लाख नगद." पैशाची मला गरज होती. एका संध्याकाळी नोटा घेऊन खोलीवर आला. मी त्याला पोलीस ठाण्यातली गोष्ट सांगितली आणि थांब म्हणालो. आता कागद झाले आहेत. मी सुटीवर निघायच्या आधी गाडी त्यालाच देईन, पण त्याच्या नावावर झाल्याशिवाय चावी देणार नाही.

आता आपल्या गाडीचं. प्रवीण, हे नीट ऐक.

ती गाडी बाबांनी 2011 च्या पाडव्याला घेतली. त्या हंगामात कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. मी तेव्हा हिंगणघाटला मिलमध्ये ट्रेनिंगला होतो आणि बाबा शोरूमवरून हार घातलेली गाडी थेट वावरात घेऊन गेले, हे मला आईनं सांगितलं होतं. तू ती अठरा हजारांत पैनगंगेपलीकडच्या माणसाला दिली, स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं आणि कोऱ्या टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या 29-30 नंबरच्या फॉर्मवर, बाबांची सही करून दिली. तो स्टॅम्प पेपर तुझ्याजवळ आहे म्हणून तू निश्चिंत आहेस. तो कागद आरटीओला चालत नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं: गाडी विकली, हातोहात पुढं गेली, तरी नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच भरपाईला जबाबदार. आणि आपला थर्ड पार्टी विमा तर पाडव्यालाच संपला, तो तू भरला नाही, कारण गाडी विकायचीच होती. म्हणजे तो माणूस उद्या आदिलाबादच्या रस्त्यावर कोणाला धडकला तर भरपाईची नोटीस बाबांच्या नावानं आपल्या घरी येईल. बाबांजवळ द्यायला काय आहे? ते साडेचार एकर वावर, दुसरं काय!

म्हणून येत्या बाजाराला तू त्या माणसाकडं जा, एकटा जाऊ नको, काकांना घेऊन जा. गोडीनं बोल. त्याची काही चूक नाही, त्याला गाडी स्वस्तात पाहिजे होती. गाडी दुसऱ्या राज्यात चालली म्हणून आधी यवतमाळच्या आरटीओतून एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, लागेल, 28 नंबरचा फॉर्म. चलान भरलेलं असल्याशिवाय ती भेटत नाही, तर ते आधी भर, पैसे मी देतो. मग बाबांच्या सहीचा 29 आणि त्याच्या सहीचा 30. विकणाऱ्यानं त्याच राज्यात चौदा दिवसांत कळवायचं असतं आणि दुसऱ्या राज्यात पंचेचाळीस दिवसांत. आपले दिवस उलटून गेले आहेत, उशिराचा दंड पडेल, तो भरू. कोरे फॉर्म त्यानं वापरले नसतील तर परत माग आणि समोर फाड.

आणखी एक. ती गाडी फायनान्सवर होती. हप्ते 2013 ला फिटले, पण आरसीवरचा बोजा काढला की नाही ते मला आठवत नाही. काढला नसेल तर 35 नंबरचा फॉर्म आणि फायनान्सवाल्याचं पत्र लागेल. ते पत्र पेटीत, माझ्या दहावीच्या मार्कशीटच्या खाली, खताच्या दुकानाच्या कॅलेंडरमध्ये गुंडाळून ठेवलं होतं.

त्या माणसाला हे सगळं झंझट वाटलं आणि तो नाही म्हणाला, तर अठरा हजार त्याच्या हातावर ठेव आणि गाडी घरी घेऊन ये. किंमत कमी-जास्त करू नको. पुढच्या पाडव्याला तिला पंधरा वर्षं होतात, आरसी पाच वर्षांसाठी पुन्हा काढावी लागेल, ते आपण पाहू. मी तुझ्या खात्यात पंचवीस हजार टाकले आहेत. अठरा त्याचे, बाकी चलान, फी आणि जाण्यायेण्याला. एजंट करायचा तर कर, पण बाबांची सही बाबांसमोर वाचून, भरलेल्या फॉर्मवर. गाडी परत आली तर त्याच दिवशी विमा काढ, मगच किक मार.

बाबा, तुम्ही प्रवीणवर रागावू नका. त्यानं मला विचारूनच केलं होतं.

यंदा पावसानं कापूस काळा पडला असं आई म्हणाली. इथं मिलमध्ये ब्राझील आणि अमेरिकेच्या गाठी येतात, पांढऱ्याशुभ्र. गाठ फोडली की पहिला वास घेतो मी, आपल्या घरात दिवाळीला असायचा तसा. वेचणीला बाया भेटत नसतील तर मजुरी वाढवून द्या, वावरात कापूस ओला होऊ देऊ नका. आईच्या गुडघ्याचं औषध संपलं असेल तर तेही त्याच पैशातून आणा.

पेटीची किल्ली आईच्या हळदीच्या डब्यामागे आहे. पत्र सापडलं की प्रवीण, त्याचा फोटो मला रात्री नऊच्या आधी पाठव, इथं दीड तास पुढं चालतं आणि मला सकाळची पाळी आहे.

तुमचा,
विनोद