विषय : पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) परीक्षेच्या कोर्सचं अडवलेलं सर्टिफिकेट आणि जुन्या पॅटर्नच्या मॉक टेस्ट

सांगली, १२ फेब्रुवारी २०२५

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग यांस,

काल दुपारी तुमच्या हेल्पलाईनला मी सातवा फोन केला. आठवा करणार नाही, म्हणून हे पत्र. कोर्स तुमचा आहे, त्यामुळे पीएमपीच्या अर्जाला ३५ कॉन्टॅक्ट अवर्स, म्हणजे शिक्षणाचे तास, कशाला लागतात हे मी तुम्हाला समजावत बसत नाही.

ऑक्टोबरमध्ये २२,५०० रुपये घेऊन तुम्ही मला ३५ तासांच्या ऑनलाईन बॅचला घातलंत. एका शनिवारी परतीच्या पावसात विश्रामबागेतली लाईट गेली आणि सव्वादोन तासांचा वर्ग बुडाला. तो भाग मी दुसऱ्याच दिवशी रेकॉर्डिंगवर पाहिला. शेवटची चाचणी दिली, ८१ टक्के मिळाले. 'वर्ग बुडाला तर रेकॉर्डिंग बघा, चाचणी द्या, तास धरले जातात,' असा तुमच्या समुपदेशक मॅडमचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज माझ्याकडे आहे. ही परीक्षा घेणाऱ्या पीएमआय संस्थेलाही शेवटी चाचणी असलेलं दूरशिक्षण चालतं. तुमच्या सिस्टीमला मात्र चालत नाही. तिथे ३२ तास ४५ मिनिटं दिसतात, म्हणून सर्टिफिकेट नाही. हवं असेल तर ४,५०० रुपये भरून पुढच्या बॅचला बसा, हे तुमचं उत्तर.

'अर्ज भरून टाका, सर्टिफिकेट आठवड्यात येतंय,' हेही त्याच मॅडमनी सांगितलं. मी भरला आणि १३ डिसेंबरला तो ऑडिटला, म्हणजे पीएमआयच्या कागदपत्र तपासणीला, लागला. कागदपत्रं द्यायला ९० दिवस असतात. पदवीची प्रत तयार आहे, अनुभवाच्या फॉर्मवर साहेबांच्या सह्या झाल्या आहेत. अडलंय ते फक्त तुमच्या एका कागदावर.

आता कालचा फोन. अकरा मिनिटं होल्डवर ठेवल्यावर एक सीनियर एक्झिक्युटिव्ह आले. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, सातव्यांदा. ते मध्येच म्हणाले, "मॅडम, तुम्ही बोलताय कुठून?" सांगलीहून, म्हटलं. "म्हणजे पुण्याच्या बाजूला का?" मी म्हटलं, पुण्यापासून सव्वादोनशे किलोमीटर, पण त्याचा सर्टिफिकेटशी काय संबंध? त्यावर ते हसले. फोन हातानं झाकून हसले, तरी ऐकू आलं. मग म्हणाले, "नाही, तिकडे हळदीचा व्यापार ना? त्याला पीएमपी कशाला लागतं? आणि नेटचा प्रॉब्लेम तुमच्या गावाकडचा, त्याला कंपनी काय करणार?"

मी त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगते. मी कुपवाड एमआयडीसीत प्लॅनिंग इंजिनीअर आहे. आम्ही साखर कारखान्यांची, उसाचा रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरची कामं करतो. गळीत हंगाम संपला की जुन्या बॉडी उतरवायच्या, नव्या बसवायच्या, आणि बॉयलर प्रदीपनाच्या, म्हणजे हंगामासाठी बॉयलर पेटवण्याच्या, आत टेस्टिंग उरकायचं. प्रदीपनाची तारीख हलत नाही. मोळी पडायच्या, म्हणजे गळीत सुरू व्हायच्या, दिवशी ऊसतोडीच्या टोळ्या फडात आणि गाड्या यार्डात उभ्या असतात. गेल्या वर्षी ट्यूब नऊ दिवस उशिरा आल्या. तरीही वेल्डिंगच्या पाळ्या बदलून, पाण्याच्या दाबाची हायड्रो टेस्ट बॉडीवार करून आम्ही तारीख गाठली. क्रिटिकल पाथ, म्हणजे शेवटची तारीख ठरवणारी कामांची साखळी, मला स्लाईडवरून शिकावा लागलेला नाही. हे बोलून होईपर्यंत पलीकडून "ओके मॅडम, नोट केलंय" असं आलं आणि फोन कट झाला. तक्रार क्रमांकसुद्धा दिला नाही.

सांगलीत प्रोजेक्ट नसतात असं वाटत असेल तर तुम्ही सांगलीकरांकडून फी का घेता?

मॉक टेस्टबद्दल नोव्हेंबरपासून चार ईमेल केल्या, एकाचंही उत्तर नाही. जानेवारी २०२१ पासून परीक्षा १८० प्रश्नांची आणि २३० मिनिटांची आहे, मध्ये दहा-दहा मिनिटांचे दोन ब्रेक. प्रश्नांची विभागणी: पीपल ४२ टक्के, प्रोसेस ५०, बिझनेस एन्व्हायर्नमेंट ८. जवळपास निम्मे प्रश्न अजाईल (काम छोट्या टप्प्यांत करायची पद्धत) आणि हायब्रिडचे (जुन्या-नव्या पद्धतींचं मिश्रण). तुमच्याच जाहिरातीत हे छापलंय. आणि तुमच्या मॉकमध्ये? २०० प्रश्न, चार तास, पाच प्रोसेस ग्रुपची जुनी विभागणी. अमुक प्रोसेसचं इनपुट कोणतं, तमुकचं आउटपुट कोणतं, असली घोकंपट्टी. खऱ्या परीक्षेत प्रसंग देतात: टीममधले दोघं भांडतायत, किंवा ग्राहक स्प्रिंटच्या (ठरलेल्या छोट्या टप्प्याच्या) मध्यावर नवी मागणी करतोय, तर मॅनेजरनं आधी काय करावं? असे प्रश्न मी सहाही मॉकमध्ये शोधले, पंधरासुद्धा निघाले नाहीत. रोज कामावरून येऊन रात्री दहा ते बारा मी हे सोडवत होते. ते दोन महिने परत मिळणार नाहीत.

तुमच्याकडे मी विश्वासानं आले होते. आमच्या ऑफिसातल्या दोघांनी माझ्या शब्दावर फी भरायची तयारी केली होती. त्यांना मी काल संध्याकाळीच थांबवलं.

मला ३५ तासांचं सर्टिफिकेट हवंय, जादा एक रुपयाही न भरता. रेकॉर्डिंग पाहिलंय, चाचणी दिलीय, मेसेज तुमचाच आहे. पुन्हा सांगते, कारण सात वेळा सांगून पोचलेलं नाही. मॉकचे पैसे फीमधून परत करा किंवा चालू पॅटर्नच्या टेस्ट द्या. सात दिवसांत काही झालं नाही तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार जाईल. २०१९ च्या कायद्यानं ती मला राहत्या जिल्ह्यात करता येते, त्यासाठी तुमच्या ऑफिसच्या गावी यायची गरज नाही, आणि एवढ्या रकमेला फीही नाही. व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, चाचणीचा निकाल आणि चारही ईमेल सोबत जोडल्या आहेत. कालचा कॉल तुमच्याकडेच रेकॉर्ड झालेला आहे, तो कुणीतरी वरिष्ठांनी बसून ऐकावा.

ऑडिटचे ९० पैकी ६१ दिवस गेले. मुदत चुकली तर मला वर्षभर अर्ज करता येणार नाही. उरलेत २९.

तुमची विद्यार्थिनी,
प्लॅनिंग इंजिनीअर, कुपवाड एमआयडीसी