गोचिडांवरच्या तेलांची चाचणी गोठ्यात व्हावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की आमच्या भागात गोचीड डोके वर काढतात, आणि गवती चहा, निलगिरी, लवंगेच्या तेलाच्या बाटल्या विकणारेही गावोगाव फिरू लागतात. ‘रसायन नाही, दुधात उतरत नाही’ एवढ्या दोन वाक्यांवर माल खपतो. मी दूध उत्पादक आहे. या तेलांना माझा विरोध नाही. ती तपासून, मात्रेसह आमच्या हाती यावीत म्हणून हे पत्र.

गरज खरी आहे. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही गोचीडनाशके वर्षानुवर्षे अंदाजपंचे फवारल्यामुळे गोचीड त्यांना दाद देईनासे झालेत. गोचिडांवरच्या आयव्हरमेक्टिन या औषधाचा अंश दुधात उतरतो, म्हणून दुभत्या गाईला ते देता येत नाही. आणि गोठ्यात दुभतीच जास्त. संकरित गाईला थायलेरिया हा गोचिडांतून पसरणारा रक्ताचा आजार झाला की कडक ताप येतो, खांद्यापुढची गाठ सुजते, दूध आटते, पापणी उलटून पाहिली तर आत पांढरीफटक दिसते. त्यावरचे बुपार्व्हाक्वोन हे औषध वेळेत मिळाले नाही तर गाय हातची जाते.

तेलांत दम आहेच. लवंगेतले युजेनॉल, ओव्यातले थायमॉल प्रयोगशाळेत गोचिडांवर, विशेषतः त्यांच्या पिल्लांवर, चांगले चालते. पण बशीतला गोचीड वेगळा आणि कासेच्या सांध्यात, शेपटीखाली, कानाच्या आत रुतून बसलेला वेगळा. ही तेले उडून जातात, उन्हात तर फारच लवकर. गवती चहाचे तेल जमिनीप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे बदलते, त्यामुळे या बाटलीचा गुण पुढच्या बाटलीत मिळेलच असे नाही. नुसत्या पाण्यात तेल मिसळत नाही. पंप कितीही हलवला तरी गाईच्या पाठीवर एकीकडे पाणी पडते आणि दुसरीकडे निव्वळ तेल. निव्वळ लवंग तेलाने कातडी भाजते, गाय ते चाटते, आणि धारेआधी लावले तर दूध वास धरते. असे दूध संकलन केंद्रावर परत आले तर भुर्दंड शेतकऱ्यालाच.

शिवाय टम्म फुगलेली मादी गळून पडते आणि गव्हाणीच्या भेगेत, शेणाच्या ढिगाखाली दोन-तीन हजार अंडी घालते. त्या भेगा बुजवल्या नाहीत तर अंगावर कोणतेही तेल लावा, काही आठवड्यांत पुन्हा तेच. आणि कृपा करून कुणी गोचीड बोटांनी चिरडू नये. 2011 मध्ये गुजरातेत माणसांना झालेला क्रिमियन-काँगो ताप गोचिडांतूनच पसरतो, चिरडलेल्या गोचिडाच्या रक्तातूनही.

महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालये शिरवळ, परभणी, उदगीर येथे आहेत. त्यांनी या तेलांच्या चाचण्या ऐन पावसाळ्यात, शेतकऱ्यांच्याच गोठ्यात, संकरित गाईंवर घ्याव्यात आणि निकाल मराठीत छापावेत. मुख्य घटकाचे प्रमाण, किती पाण्यात मिसळायचे, पुन्हा कधी लावायचे आणि धारेआधी किती तास थांबायचे, एवढे छापल्याशिवाय पशुसंवर्धन खात्याने अशी बाटली विकू देऊ नये. तोवर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने सुचवलेला लसूण, कडुनिंब, वेखंड, हळद, घाणेरी आणि तुळशीचा अर्क डॉक्टरांना विचारून वापरता येईल. तो कसा करायचा, हे पशुवैद्यकीय दवाखान्यांनी पहिल्या पावसाआधी गावात येऊन दाखवावे.

— एक दूध उत्पादक, ता. संगमनेर