कुंडीत नुसती काळी माती नको

संपादक साहेब, नमस्कार. आपली सोलापूरची काळी माती ज्वारीला एक नंबर, म्हणून मी पोतंभर आणून टेरेसवरच्या कुंड्यांत भरली अन् मेथी-कोथिंबीर टाकली, तर पाणी घातलं की चिखल आणि दोन दिवस ऊन पडलं की भेगा, माती कडेने सुटते अन् पाणी सरळ खाली, मुळं कोरडीच! चिकण माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, कुंडीत मुळांना हवाच मिळत नाही.

आता एक भाग माती, एक भाग धुतलेलं कोकोपीट (म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा; त्यात खार असतो म्हणून धुवायचं), एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत घेतो. ताजं शेण अजिबात नको, मुळं जळतात. कोथिंबिरीला सहा इंच खोली पुरते, वांग्याला मात्र बादलीएवढी कुंडी लागते. पुरवणीत यावर काहीतरी छापा की राव.

– एक वाचक, सोलापूर