बॅकअपचं मराठीत कोणी शिकवेल का?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

मी तालुक्याच्या गावात एका वाचनालयात काम करतो. आमचा पुस्तकांचा कॅटलॉग कोहा या फुकट सॉफ्टवेअरवर आहे, ते लिनक्स (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) सर्व्हरवर चालतं, आणि सर्व्हर म्हणजे काय तर कपाटाशेजारचा जुना पीसी. बॅकअप, म्हणजे डेटाची जादा प्रत, कोण घेणार, तर ज्याला टायपिंग येतं तो, म्हणजे मी.

मग टार, म्हणजे खूप फाइल्स एका फाइलीत बांधणारी कमांड, शिकायला बसलो. नाव टेप आर्काइव्हवरून आलंय, 1979 च्या युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमपासून आहे, टेप आता फारशा दिसत नाहीत पण टार राहिलं. कमांडपुढे अक्षरं द्यायची: सी म्हणजे फाइल बनव, एक्स म्हणजे उघड, टी म्हणजे आत काय आहे ते नुसतं दाखव, झेड म्हणजे जीझिपने दाबून छोटी कर, आणि एफ म्हणजे पुढे फाइलचं नाव येतंय. हा एफ शेवटीच हवा हे मला कोण सांगणार! मी सी-एफ-झेड असं लिहिलं, तर पठ्ठ्याने झेड नावाचीच फाइल बनवली आणि वर एरर दिली, अर्धा तास मी माझी फाइल शोधतोय.

पुढचं जास्त वाईट. रोज रात्री आपोआप बॅकअप व्हावा म्हणून क्रॉनमधे (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारा प्रोग्राम) कमांड टाकली, फाइलच्या नावात तारीख यावी म्हणून टक्क्याचं चिन्ह वापरलं. हाताने चालवली तर मस्त चालली. पण क्रॉन टक्क्याला नवीन ओळ समजतो, आधी बॅकस्लॅश (\) द्यावा लागतो, त्यामुळे कमांड रोज रात्री अर्धवट तुटायची, एररचा मेल सर्व्हरमधल्याच मेलबॉक्समधे पडायचा आणि तो कोण उघडतंय. तीन महिने मी कमिटीला बिनधास्त सांगत होतो बॅकअप चालू आहे म्हणून. नशीब की डिस्क गेली नाही.

आता आधी डेटाबेसचा डंप, म्हणजे सगळ्या नोंदींची एका फाइलीत प्रत, काढतो (चालू डेटाबेसच्या फाइल्स तशाच टार केल्या तर अर्ध्यामुर्ध्या येऊ शकतात), मग टार, मग पेनड्राइव्हवर कॉपी, आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या पीसीवर उघडून खरंच कॅटलॉग दिसतो का ते बघतो.

हे सगळं इंग्रजीत वाचत, धडपडत शिकलो. गावोगावच्या वाचनालयांत, शाळांत, पतसंस्थांत माझ्यासारखे लोक असणारच. आपल्या पुरवणीत मोबाइलच्या टिप्स येतात, तसा एक कोपरा याला द्याल का? पहिला लेख मी लिहून देतो, टक्क्यापासूनच सुरुवात करीन.

– एक ग्रंथालय कर्मचारी, जि. सातारा